दुसरी कॅसेट

१९९२ साली सिंगापूरच्या ‘परफेक्ट टेन ९८.७’ या एफएम केंद्राच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ‘सो हॅपी’ नावाचं गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. बँड होता ‘द ऑडफेलोज’. गाणं त्यांच्या आदल्या वर्षीच्या ‘टीनेज हेड’ या पहिल्या अल्बममधलं होतं. या यादीत वरचे क्रमांक इंग्लंड-अमेरिकेच्या तारकांचे असत, हे सगळ्यांनीच गृहीत धरलेलं होतं. गिटारच्या गोंगाटात गाणाऱ्या गावातल्याच पोरांनी तिथवर मजल मारण्याची ही पहिलीच वेळ. त्याच वर्षी ऑडफेलोजनी दुसरा अल्बमही काढला, ‘कार्निव्हल’ नावाचा. सिंगापूरच्या रॉकचा इतिहास सांगणारा कुणीही ‘टीनेज हेड’वर थांबतो. ‘कार्निव्हल’चं नाव बहुतेक वेळा नुसतं यादीत भेटतं.

या दुसऱ्या अल्बमचं मला कुतूहल आहे. एकट्या ऑडफेलोजच्याच नव्हे, त्या बेटावर ज्यांनी ज्यांनी दुसरा अल्बम काढण्याचं धाडस केलं त्या सगळ्यांच्याच. पहिला अल्बम लोक कौतुकानं ऐकतात. आपल्या शेजारच्या ब्लॉकमधला मुलगा गातोय, ऐकायलाच हवं. दुसऱ्या वेळी ही सवलत मिळत नाही. दुसरा अल्बम लोक गाणी म्हणून ऐकतात, किंवा ऐकतच नाहीत. मोठ्या देशांतही हा घाट अवघडच. पहिल्या अल्बममध्ये वीस वर्षांचं साठलेलं आयुष्य असतं आणि दुसऱ्यासाठी कंपनी वर्षभराचीही मुदत देत नाही. मँचेस्टरच्या ‘स्टोन रोझेस’ना १९८९च्या पहिल्या अल्बमनंतर दुसरा काढायला पाच वर्षं लागली. सिंगापूरमध्ये मात्र घाटाआधीच रस्ता अडलेला असे, आणि त्याची कारणं संगीतात शोधून सापडत नाहीत.

त्यासाठी थोडं मागं जावं लागेल. १९६१ साली क्लिफ रिचर्ड आणि ‘द शॅडोज’ सिंगापूरला आले आणि घरोघरी इलेक्ट्रिक गिटारचं वेड लागलं. १९६४ मध्ये ‘द क्वेस्ट्स’ या स्थानिक बँडची ‘शँटी’ ही निव्वळ वाद्यांची धून बीटल्सच्या गाण्याला मागं टाकून सिंगापूरच्या यादीत पहिली आली. या क्वेस्ट्सचा गिटारवादक रेजी वर्गीस भारतीय वंशाचा. ‘रोलिंग स्टोन्स’ १९६५ साली इथे वाजवून गेले. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये सिंगापूर स्वतंत्र झालं, आणि पुढच्या काही वर्षांत राज्यकर्त्यांच्या नजरेत रॉक, लांब केस आणि अमली पदार्थ एकाच गाठोड्यात बांधले गेले. सरकारी कचेऱ्यांमध्ये लांब केसवाल्या पुरुषांचं काम सर्वांत शेवटी केलं जाईल, अशी सचित्र भित्तिपत्रकं लागली. केस कुठवर आले की लांब म्हणायचे, तेही चित्रात काढून दाखवलेलं! १९७२ साली ‘लेड झेपलिन’ला केसांपायीच कार्यक्रम न करता परतावं लागलं. साठच्या दशकातल्या बँडपैकी काही हॉटेलांच्या लाउंजमध्ये दुसऱ्यांची गाणी वाजवू लागले, काही थांबले. पुढच्या पिढीला त्यांचा वारसा मिळालाच नाही. ऐंशीच्या दशकात गिटार हातात घेणाऱ्या मुलांना आपल्याच शहरात एके काळी बीटल्सला मागं टाकलं गेलं होतं, हे बहुधा ठाऊकही नसावं.

दार पुन्हा किलकिलं केलं ते क्रिस हो या माणसानं. त्याच्या ‘झिर्कॉन लाउंज’ या बँडचा ‘रीगल व्हिगर’ हा अल्बम १९८३ साली आला. क्रिस हो पुढं ‘एक्स’ हो’ या नावानं रेडिओवर आणि वर्तमानपत्रात गाजला, २०२१ मध्ये गेला. ‘झिर्कॉन लाउंज’चा दुसरा अल्बम शोधू नका.

दोन वर्षांनी, १९८५ साली, मायकेल आणि फिलिप चिया हे भाऊ आणि त्यांचा मित्र स्टीफन टॅन यांनी झेरॉक्स काढून एक छोटं नियतकालिक सुरू केलं. नाव ‘बिगओ’. ‘बिफोर आय गेट ओल्ड’ची ती आद्याक्षरं. परीक्षणं लिहून हे तिघं स्वस्थ बसले नाहीत. स्थानिक बँडचे डेमो गोळा करून ते कॅसेटवर उतरवत आणि विकत. या कॅसेटला त्यांनी दिलेलं नावच ‘नथिंग ऑन द रेडिओ’ होतं. तक्रार आणि जाहिरात एकदमच! १९९१ पासून ‘न्यू स्कूल रॉक’ ही त्यांची संकलनांची मालिका आली. आपल्याकडे इलाहाबादहून अमित सैगल यांनी ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ काढलं ते १९९३ मध्ये. मुंबई-दिल्ली सोडून इलाहाबादेत हे का व्हावं, हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण दोन्हीकडचं चित्र सारखंच: वाजवणारे आहेत, ऐकणारेही आहेत, मधलं कुणी नाही, म्हणून दोन-तीन वेड्यांनी स्वतःच टपाल, छपाई आणि कॅसेटची नक्कल यांचा संसार मांडला.

ऑडफेलोज १९८८ साली जमले. गाणी लिहिणारा आणि गाणारा पॅट्रिक चंग. पुढं बँडमध्ये आलेला गिटारवादक केल्विन टॅन कादंबऱ्याही लिहितो. त्यांच्या गाण्यांत फार क्लिष्टता नव्हती. अमेरिकेतल्या कॉलेज रेडिओवर त्या काळी जे वाजत होतं त्याच्याशी नातं सांगणाऱ्या सरळ, चटकन ओठांवर येणाऱ्या चाली, आणि शेजारी उभा राहून बोलतोय असा वाटणारा आवाज. ‘सो हॅपी’ लोकांना आवडलं याचं नवल नाही. एफएम केंद्रानं ते लावलं, आणि मग लोकांनी ते पुन्हा पुन्हा मागितलं, हे नवल.

तेव्हाच्या सिंगापूरमध्ये बँड चालवणं म्हणजे काय होतं, हे समजून घेतल्याखेरीज ‘कार्निव्हल’चं मोल लक्षात येणार नाही. ८० टक्क्यांहून अधिक लोक सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, म्हणजे एचडीबीच्या फ्लॅटमध्ये राहत. भिंतीला भिंत. तिथे ड्रम बडवणं अशक्यच. लंडनच्या उपनगरात किंवा सिअ‍ॅटलमध्ये बँडचा जन्म घरच्या गॅरेजमध्ये होतो असं आपण वाचतो. सिंगापूरमध्ये मोटारगाडीच इतकी महाग की गॅरेज कुठून आणायचं? मुलं तासाच्या भाड्यानं मिळणाऱ्या जॅमिंग स्टुडिओत जात. घड्याळाकडे बघत तालीम, तास संपला की पुढचा बँड दाराशी उभा. कार्यक्रमाला परवाना लागे, तो पोलिसांच्या करमणूक-परवाना विभागाकडून. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रंगमंचापुढं एकमेकांवर आदळत नाचण्यावर, म्हणजे स्लॅम-डान्सिंगवर बंदी आली. पोरांनी एकमेकांना खांदे मारल्यानं राज्याला काय धोका होतो, हे मला आजवर उमगलेलं नाही.

एक जागा मात्र मिळाली होती. नाटककार क्वो पाओ कुन यांनी आर्मेनियन स्ट्रीटवरच्या जुन्या वीज उपकेंद्राच्या इमारतीत १९९० साली ‘द सबस्टेशन’ हे कलाकेंद्र उघडलं. क्वो पाओ कुन यांनी सत्तरच्या दशकात राजकीय कारणांसाठी चार वर्षांहून अधिक काळ खटल्याविना तुरुंगवास भोगला होता. अशा माणसानं आपल्या केंद्राच्या मागच्या बागेत पंक आणि मेटल वाजवणाऱ्या पोरांना जागा द्यावी, यात मला काही आश्चर्य वाटत नाही.

आणि मग एनएस. नॅशनल सर्व्हिस. हा शब्द सिंगापूरमधल्या मराठी घरांतही पक्का रुळलेला आहे, कारण पर्मनंट रेसिडेंट म्हणून इथे वाढलेल्या मुलांनाही अठराच्या आसपास ते बोलावणं येतं. नागरिक मुलांची तर सुटकाच नाही. नव्वदच्या दशकात ही सक्तीची लष्करी सेवा हुद्द्यानुसार दोन ते अडीच वर्षांची होती. २००४ पासून सरसकट दोन. ज्या वयात बँड जमतो, भांडतो, आवाज शोधतो, नेमक्या त्याच वयात ड्रमवाला बेटावरच्या छावणीत, बासवाला शनिवारच्या सुट्टीपुरता घरी, आणि सगळ्यांचे केस उतरवलेले. सेवा संपते तोवर विद्यापीठ, ते संपतं तोवर नोकरी, आणि लग्न ठरलं की एचडीबीच्या फ्लॅटसाठी अर्ज. पहिला अल्बम या वाटेवर कुठंतरी धावत्या गाडीत चढल्यासारखा उरकता येतो. दुसऱ्यासाठी तीच चार माणसं काही वर्षांनी पुन्हा एका खोलीत जमावी लागतात. म्हणून दुसरा अल्बम आला, एवढी बातमीसुद्धा सिंगापूरमध्ये पुरेशी मोठी होती.

ऑडफेलोजनी तो एका वर्षात आणला. घाई होती का? माझ्या मते नव्हती. हातात गाणी होती आणि रेडिओचा दरवाजा नुकताच उघडला होता. पण श्रोत्यांच्या बाजूनं पाहिलं तर मोठी चमत्कारिक वेळ होती. ‘निर्वाणा’चा ‘नेव्हरमाइंड’ सप्टेंबर १९९१ मध्ये आला आणि वर्षभरात पर्यायी रॉक हीच मुख्य धारा झाली. कालपर्यंत ऑडफेलोजसारखं काही हवं असेल तर ‘बिगओ’ची कॅसेट धुंडाळावी लागे, आता ऑर्चर्ड रोडवरच्या दुकानांत त्या धर्तीच्या अमेरिकन सीडी रांगेनं लागल्या. घरचा बँड ज्या वाटेवर एकटा चालत होता तिथे अचानक गर्दी झाली आणि त्या गर्दीत तो लहान दिसू लागला. ‘लोकल असून चांगलं आहे’ ही दाद सिंगापूरच्या वादकांनी आयुष्यभर ऐकलेली आहे. पहिल्या वेळी तिच्यात कौतुक असतं. दुसऱ्या वेळी त्यातलं ‘असून’ तेवढं टोचतं. ‘कार्निव्हल’ला ‘सो हॅपी’सारखी दंतकथा लाभली नाही. बँड त्यामुळे मोडला नाही हे महत्त्वाचं; १९९४ मध्ये त्यांचा तिसरा, ‘बग्ज अँड हिसेस’, आला.

इथे मुंबईची आठवण येणं अपरिहार्य आहे. ‘रॉक मशीन’चा पहिला अल्बम १९८८चा आणि दुसरा १९९०चा. त्याचं नाव त्यांनी ठेवलं ‘द सेकंड कमिंग’. पुढं स्टोन रोझेसनीही आपल्या दुसऱ्याचं हेच नाव ठेवलं, म्हणजे निदान बारशात मुंबईनं मँचेस्टरला चार वर्षं आधी गाठलं होतं. उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि मंडळींना धोबी तलावच्या रंगभवनात हजारोंचा समुदाय मिळत होता, इंग्रजी गाणी तोंडपाठ असलेला. तो समुदाय सिंगापूरच्या मुलांना स्वप्नातही दिसला नसता. पण ‘रॉक मशीन’लाही १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ हे नवं नाव घ्यावं लागलं, आपण कोण हे नव्यानं सांगावं लागलं. १९९७ मध्ये तेही विखुरले आणि तेरा वर्षांनी पुन्हा जमले. नव्या नावाचा त्यांचा दुसरा अल्बम ‘इव्हॉल्व्ह’ २०१२ सालचा, पहिल्यानंतर सतरा वर्षांनी! पुढं रंगभवन शांतता क्षेत्रात गेलं आणि तिथला गोंगाटही थांबला. तेव्हा सरकार कडक म्हणून सिंगापूरचं रॉक खुरटलं, हे सोपं उत्तर मला पुरेसं वाटत नाही. मोकळ्या मुंबईतही इंग्रजीत गाणाऱ्या बँडचा दुसरा अल्बम हा कसोटीचाच क्षण होता. दोन्हीकडे श्रोत्याला हवा होता तो जगाचा आवाज, आणि तो जगाकडूनच आलेला त्याला बरा वाटे.

ही विसंगती १९९५ मध्ये कळसाला पोचली. ‘एमटीव्ही एशिया’ त्या वर्षी नव्यानं सुरू झालं ते थेट सिंगापूरमधून. अर्ध्या खंडाला गाणी पुरवणारी वाहिनी ज्या शहरात बसली, त्याच शहरातले बँड कॅसेट पाकिटात घालून ओळखीपाळखीनं विकत होते. त्याच वर्षी एरिक खू या दिग्दर्शकाचा ‘मी पोक मॅन’ हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट आला. नूडल विकणारा एक अबोल माणूस आणि एक वेश्या यांची ती काळीकुट्ट गोष्ट. त्यात स्थानिक बँडची गाणी होती. एमटीव्हीला जे जमलं नाही ते एका छोट्या सिनेमानं केलं: ही गाणी या शहराच्या रात्रीशी जोडून दाखवली. ‘बिगओ’मधले फिलिप चिया सिंगापूरच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचेही एक प्रमुख सूत्रधार होते. गाव लहान असलं की सिनेमावाले, गाणारे आणि लिहिणारे एकाच टेबलावर भेटतात.

आता ज्या दुसऱ्या अल्बमसाठी मी हे सगळं मांडलं, त्याकडे येतो. ‘हम्पबॅक ओक’ हा विशीच्या उंबरठ्यावरच्या मुलांचा बँड. गाणी लिहिणारा लेस्ली लो. १९९४चा ‘पेन-स्टेन्ड मॉर्निंग’ हा त्यांचा पहिला अल्बम. नावातच दुखणं आहे, पण त्या दुखण्याला गोडवा होता. संथ गिटार, खोल आवाज, एकट्यानं रात्रीच्या बसमध्ये ऐकावीत अशी गाणी. ज्यांना तो आवडला त्यांनी दुसऱ्याची तीन वर्षं वाट पाहिली, आणि १९९७ मध्ये आला ‘घोस्टफादर’.

तो पहिल्याहून काळोखा होता. गोडवा कमी, गाण्यांची बांधणी अधिक सैल, अधिक अस्वस्थ. रेडिओच्या याद्यांसाठी घडवलेला हा माल नव्हताच. ज्यांना ‘पेन-स्टेन्ड मॉर्निंग’चा दुसरा भाग हवा होता त्यांची निराशा व्हायलाच हवी होती, आणि बँडनं ती होऊ दिली. सिंगापूरच्या पर्यायी रॉकमध्ये श्रोत्याची मर्जी न राखता, पण त्याच्यावर पूर्ण विश्वास टाकून केलेलं मोठं काम कुठलं असं मला विचारलं तर मी ‘घोस्टफादर’चं नाव घेईन. ‘कार्निव्हल’मध्ये बँड श्रोत्याकडे चालत जातो, इथे श्रोत्यानं उठून यायचं आहे. फार लोक उठले नाहीत. जे उठले ते मात्र पुढची वीस-पंचवीस वर्षं त्याविषयी बोलत राहिले. त्यांच्यापैकी काहींनी पुढं स्वतः बँड काढले असतील, तर त्यात नवल ते काय?

१९९९ मध्ये ‘साइड-ए-साइड-बी’ हा तिसरा अल्बम काढून हम्पबॅक ओक थांबला. नंतर तिन्ही अल्बम ‘ओकसाँग्ज’ या एका संचात पुन्हा प्रसिद्ध झाले. नव्यानं विकत घेणाऱ्याच्या हातात पहिला, दुसरा आणि तिसरा एकदमच पडतात. त्याला कुणी सांगितलं नाही तर मधल्यानं एके काळी लोकांना बुचकळ्यात टाकलं होतं, हे कळणारही नाही.

पुढची दहा वर्षं भराभर पाहू. २००२ साली मरीना बेच्या काठावर ‘एस्प्लनेड’ हे भव्य कलासंकुल उभं राहिलं. त्याच्या त्या काटेरी छपराला लोक डुरियन म्हणतात, फणसासारख्या उग्र वासाच्या फळावरून. त्याच वर्षी तिथे ‘बेबीट्स’ हा पर्यायी संगीताचा मोफत महोत्सव सुरू झाला. एके काळी परवान्यासाठी ताटकळणाऱ्या संगीताला सरकारी पैशाचा मंच मिळाला, समुद्राच्या वाऱ्यासकट. लेस्ली लोनं ‘द ऑब्झर्व्हेटरी’ हा नवा बँड काढला. त्यांचा पहिला अल्बम २००४चा, दुसरा ‘ब्लँक वॉल्स’ लगेच २००५ मध्ये. प्रत्येक अल्बमगणिक आदल्या श्रोत्याला कोड्यात टाकायचं, ही ‘घोस्टफादर’ची सवय त्यांनी सोडली नाही, उलट वाढवली. हम्पबॅक ओकमधलाच डॅनियल ससून ‘इलेक्ट्रिको’मध्ये गेला आणि तिथे नेमकं उलट घडलं. त्यांचा दुसरा अल्बम ‘हिप सिटी’ २००६चा: चकचकीत, नाचरा, रेडिओला हवाहवासा. लोकांनी तो मनापासून उचलला. इतका, की २००९च्या राष्ट्रीय दिनाचं अधिकृत गीत या बँडकडे आलं. लेड झेपलिनला परत पाठवल्याला तेव्हा ३७ वर्षं झाली होती. ‘द ग्रेट स्पाय एक्सपेरिमेंट’चा पहिला अल्बम २००७चा आणि दुसरा, ‘लिटमस’, २०११चा. चार वर्षांत गाणी ऐकण्याची सगळी तऱ्हाच पालटली होती. सीडी घेणारा श्रोता मधल्या मध्ये नाहीसा झाला.

आजच्या पोरांचा मामला वेगळा आहे. ‘सॉब्ज’चा पहिला अल्बम २०१८चा, दुसरा ‘एअर गिटार’ २०२२चा, आणि तो ‘टॉपशेल्फ’ या अमेरिकन कंपनीनंही काढला. म्हणजे दुसऱ्या अल्बमचे पहिले श्रोते कदाचित सिंगापूरबाहेरचेच. या बँडमध्ये गिटार वाजवणारा जेरेड लिम ‘सबसॉनिक आय’ या दुसऱ्या बँडमध्येही आहे. पॅट्रिक चंग ऑडफेलोजशिवाय ‘द पॅड्रेस’ आणि ‘टाइपरायटर’मध्ये वाजवायचा, तसंच. सबस्टेशननं २०२१ मध्ये आर्मेनियन स्ट्रीटची इमारत सोडली. त्याच वर्षी सबसॉनिक आयचा ‘नेचर ऑफ थिंग्ज’ आला आणि परदेशात त्यांचं नाव पोचलं ते त्यामुळे. तो तिसरा. त्यांचा दुसरा, ‘डाइव्ह इन्टू’, २०१८ मध्ये येऊन गेला होता. तिसरा आवडलेले लोक फोनवर मागं सरकत त्या दुसऱ्यापाशी जातात, तिथे आवडलं तर त्याही मागं.